झुंबरबाईला दिलेलं झाड लागत नाही

झुंबरबाई चोर आहे, हे मी कुणालाही तिच्यासमोर सांगते आणि ती शेजारी उभी राहून मान डोलावते. लोणावळ्यातल्या निम्म्या बंगल्यांच्या बागा आज तिच्या वलवणच्या अंगणात आहेत. बोटभर फांदी, एखादा फुटवा, शेवंतीची मुळी, जे हाताला लागेल ते कमरेला खोचायचं, वरून पदर घ्यायचा आणि "येते बाई" म्हणून मालकिणीच्या डोळ्यांदेखत फाटकातून बाहेर पडायचं. एकोणीस वर्षं ती माझ्याकडे केरफरशी आणि भांडी करते आहे. या एकोणीस वर्षांत माझ्या घरातला चमचासुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही. एकदा माझी सोन्याची कुडी मोरीत पडली, तर तिने अर्धा दिवस खपून पाइप उघडला आणि कुडी घासूनपुसून माझ्या हातात ठेवली. त्याच दिवशी जाताना माझ्या निळ्या गोकर्णाच्या शेंगा कमी झाल्या होत्या.

मी शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्याहून जास्त शिस्त शिकवली. त्यामुळे पहिल्याच वर्षी मी तिला समोर उभं केलं आणि सांगितलं की हवं ते झाड माग, मी स्वतः कुंडीसकट देईन. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला शिळं वाढलं आहे. दिलेलं झाड लागत नाही, चोरलेलंच लागतं, हे एवढ्या शिकलेल्या बाईला कसं ठाऊक नाही, याचं तिला मनापासून वाईट वाटलं. असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण लोक गमतीने म्हणतात, आणि झुंबरबाई ते एकादशीसारखं पाळते. तिच्या चोरीला कडक नियम आहेत. झाड मुळासकट उपटायचं नाही. एकच फांदी असेल तिथे हात लावायचा नाही. देवळाच्या आवारात तर नाहीच. आणि झाडाला फूल आलं की पहिलं फूल मूळ मालकिणीला नेऊन द्यायचं आणि कुठून, कधी उचललं ते सांगून टाकायचं. गोकर्णाचं फूल तिने मला आणून दिलं तेव्हा मी कपाळाला हात लावला, पण फूल केसांत माळलं.

यामागे काय आहे ते मला कळायला आठ-नऊ वर्षं लागली. एका दुपारी आम्ही दोघी पावटे सोलत बसलो होतो आणि मी सहज विचारलं की हे दिलेलं न लागण्याचं खूळ तुझ्या डोक्यात भरलं कुणी. तिने सोलता सोलता सांगितलं. तिचं माहेर पवना धरणात गेलं. गाव सोडताना तिच्या आईने दारचा मोगरा तेवढा खणून घेतला आणि नव्या जागी तुपाच्या डब्यात लावून जगवला. झुंबरचं लग्न होऊन ती वलवणला निघाली तेव्हा आईने तो डबाच तिच्या मांडीवर ठेवला. इथे खडक आहे, तुझ्या अंगणात तो जगेल, असं म्हणाली. सतरा वर्षांच्या झुंबरने त्याला दिवसातून तीनदा पाणी घातलं. महिन्याच्या आत मोगरा पार वाळला. आई दिवाळीला भेटायला आली, अंगणात डबा बघितला आणि एक शब्द बोलली नाही. "येक शबुद न्हाई बाई," झुंबरबाई म्हणाली, "च्या पिली आनि गेली." नंतर दोन वर्षांनी आई वारली. तेव्हापासून कुणी झाड देऊ केलं की हिचा हात मागे जातो. मी त्यावर पुन्हा कधी तिला उपदेश केला नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की ही माझ्याकडून केवढी सवलत होती.

आता आमच्या घरातल्या आमरीची गोष्ट. माझे पती गंगाधर हे गणिताचे शिक्षक होते. सगळं लोणावळा त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. सरांच्या पंचाहत्तरीला आमची सून अनुष्का पुण्याहून एक ऑर्किड घेऊन आली. चकचकीत पांढरं भांडं, मधून एक लांब काडी, काडीवर सात जांभळी फुलं. सोबत सूचनाही होत्या: आठवड्यातून एकदा बर्फाचे तीन तुकडे बुंध्याशी ठेवायचे, ते हळूहळू वितळतात, तेवढंच पाणी पुरतं. झुंबरबाईने पहिल्यांदा मला बर्फ ठेवताना पाहिलं आणि फरशी पुसायचं फडकं खाली टाकलं. तिच्या मते ही आमरी होती, रानात जांभळीच्या खोडावर असते तिची शहरातली बहीण, आणि बाळंतिणीच्या पायाशी कुणी बर्फ ठेवत नाही. बाळंतीण कोण, हे तेव्हा आम्हाला कळलं नाही. भांड्याच्या बुडाला भोकच नाही, हेही तिनेच उलटं करून दाखवलं.

सर त्या आमरीत गुंतले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं फिरणं बंद झालं होतं, मित्र एकेक करून कमी झाले होते, आणि मी काही फार गोड बोलणारी बायको नाही. सकाळी चहा घेऊन ते खिडकीपाशी बसत आणि तिला पेपरातल्या बातम्या सांगत. माझ्याशी ते एवढे कधी बोलले नाहीत, असं मी टोचलं तर म्हणाले, ती मधे बोलत नाही.

होळीच्या सुमारास फुलं गळली. आता काडी कापून टाका, असं अनुष्काचं फोनवर म्हणणं पडलं. झुंबरबाईने काडीला नख लावून पाहिलं आणि हिरवी आहे, राहू द्या म्हणाली. सून आणि झुंबरबाई यांच्यात मतभेद झाला की आमच्या घरात झुंबरबाईचं चालतं, कारण ती रोज येते. मे महिन्यात काडीच्या मधल्या पेऱ्यावर एक हिरवं टोक आलं. कळीच आहे, असं सर धरून बसले. झुंबरबाईने चष्मा नसताना बारीक डोळे करून पाहिलं आणि निकाल दिला, "प्वार झालंया." खरंच, पंधरा दिवसांत त्या टोकाची दोन चिमुकली पानं झाली. काडीवरच, हवेत, आईच्या अंगाला चिकटून एक पूर्ण झाड उगवत होतं. त्याच्या वरच्या पेऱ्यावर लगेच दुसरंही आलं.

सरांनी पेढे आणवले. कॉलनीत वाटलेही. शेजारच्यांनी कुणाला काय झालं ते नीट विचारलं नाही, सरळ पुण्याला फोन करून अनुष्काचं अभिनंदन केलं, आणि ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. सरांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी पोरांची नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी.

पेढ्यांमुळे कॉलनीला बातमी लागली आणि माझी झोप उडाली. पोरं आईपासून तोडायची तर त्यांना दोन-तीन इंच मुळं फुटावी लागतात, त्याला चार-पाच महिने जातात. एवढ्या काळात कुणीही येऊन बोटभर काडी मोडून नेली असती, कारण चोरलेलं लागतं ही अक्कल काही एकट्या झुंबरबाईला नाही. समोरच्या बंगल्यातल्या बाई एका आठवड्यात तीनदा साखर मागायला आल्या, तेव्हा मी ठरवलं. झुंबरबाईला राखणीला बसवलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं सर म्हणाले. मी म्हटलं, चोराच्या वाटा चोराला ठाऊक. झुंबरबाईने मात्र ती जबाबदारी इतकी गंभीरपणे घेतली की मलाच जरा ओशाळल्यासारखं झालं. तिने देवासमोर हात जोडले आणि सांगून टाकलं, "आता ह्या आमरीला माजा हात लागनार न्हाई. राखनदारानं खायचं नसतं."

पण ती आमरी तिला हवी होती. एकोणीस वर्षं मी तिला दुसऱ्याच्या झाडाकडे बघताना पाहिलं आहे, तेव्हा तिची नजर मला कळते. त्या खिडकीची कड ती दिवसातून तीनदा पुसायची. रानात तिने आमरी लहानपणापासून पाहिली होती, पण ती उंच झाडावर आणि देवाची, म्हणून कधी उचलली नव्हती. अंगणात सगळं होतं, एवढंच नव्हतं. एकदा मी आल्याची चाहूल न लागल्याने ती धाकटीला म्हणत होती की माझ्या आंब्याला तू लय शोभशील. मला पाहिल्यावर तिने खिडकीची कड चौथ्यांदा पुसली.

मग पावसाळा आला. लोणावळ्याचा पावसाळा घरात राहायला येतो. ढग खिडकीतून आत येतात, काड्यापेटी पेटत नाही, कपाटातल्या चपलांना मिशा फुटतात. आमरीला पाण्याची काही गरज नव्हती, पण सरांनी प्रेमापोटी तिच्यावर रोज फवारा मारला. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं आणि ऑगस्टमध्ये एके सकाळी सरांनी पान पुसायला घेतलं तर ते त्यांच्या हातातच आलं. मग दुसरं. बुंधा कुजला होता. सर ती दोन पानं हातात घेऊन बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी पेपर उघडला नाही. मला त्यांचा राग आला होता, पण मी तो गिळला, आणि गिळलेला राग मला पचत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

झुंबरबाईने आल्याबरोबर काडी पाहिली. काडी अजून हिरवी होती. आई जाता जाता पोरांना पाजते आहे, तेवढ्यात पोरांना पायावर उभं करायचं, असं तिने सांगितलं आणि कामाला लागली. आईचं पाणी बंद. कुजलेलं सगळं खरवडून टाकलं, त्यावर हळद दाबली. नारळाच्या शेंडीचा काथ्या भिजवून, पिळून दोन्ही पोरांच्या बुडाशी सैल बांधला. भांडं स्वयंपाकघरात, ओट्यापासून हातभर लांब ठेवलं, म्हणजे ऊब मिळेल पण आच लागणार नाही. रविवारी तिची सुट्टी असते, पण त्या दोन महिन्यांत ती एकाही रविवारी चुकली नाही. काथ्याला हात लावून बघायची आणि परत जायची.

मुळं आली. आधी पांढुरकी, मग टोकाला हिरवी. सरांनी फूटपट्टी काढली. रोज सकाळी दोन्ही पोरींची मुळं मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर सेंटिमीटरमध्ये लिहायची, असा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि ते पुन्हा बातम्या वाचू लागले. दसऱ्याला झुंबरबाईने ब्लेड उकळून घेतलं. कापताना सर पाठ फिरवून उभे राहिले. तिने दोन घाव घातले, चारही टोकांना हळद लावली आणि कोळसा, विटांचे तुकडे आणि शेंड्या भरलेल्या दोन लहान कुंड्यांमध्ये थोरली आणि धाकटी बसवल्या. वाळलेली आई तिने बागेत कढीपत्त्याच्या बुडाशी पुरली.

संध्याकाळी सरांनी धाकटीची कुंडी दोन्ही हातांत धरली आणि ती झुंबरबाईपुढे केली. तूच जगवलीस, ही तुझी, असं ते म्हणाले. झुंबरबाईचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. तो मागे जाताना मी पाहिला. "नगं सर," ती म्हणाली. "माज्या हाती मरंल ती." सर सज्जन माणूस. त्यांनी तीनदा आग्रह केला, आणि प्रत्येक आग्रहाला ती एकेक पाऊल मागे सरकत दारापर्यंत गेली. शेवटी सरांना दटावायची पाळी माझ्यावर आली.

तेव्हापासून ते माझ्या डोक्यात बसलं. दिलेलं ती घेणार नाही, आणि राखणदार झाल्यामुळे चोरणारही नाही. हा पेच मीच घातला होता, तेव्हा तो सोडवायचाही मीच. पहिल्यांदा मी सोपा उपाय केला. सरांना घेऊन एका मुंजीला तळेगावला गेले, घराची किल्ली तिच्याकडे ठेवली, धाकटीला मुद्दाम दाराजवळच्या स्टुलावर मांडली. संध्याकाळी परत आलो तर धाकटी जागच्या जागी आणि झुंबरबाई दारात बसलेली. दिवसभर ती घरी गेली नव्हती. झाड असं दारात ठेवून कुणी जातं का, म्हणून तिनेच मला चार शब्द सुनावले. मग मी तिला राखणदारीतून मोकळी केली. उद्यापासून आमरीची जबाबदारी तुझी नाही, असं सांगितलं. ती दोन दिवस कामाला आली नाही. तिचं काय चुकलं, हे विचारायला तिने तिसऱ्या दिवशी नवऱ्याला पाठवलं. तो बिचारा अंगणात टोपी हातात घेऊन उभा राहिला, आणि मला त्याला चहा पाजून राखणदारी परत द्यावी लागली.

राहिला एकच मार्ग. झाड कुणीतरी चोरायला हवं होतं.

दिवाळीनंतर भातकापणीला झुंबरबाईने आठ दिवसांची रजा घेतली. बुधवारी दुपारी सर जेवून आडवे झाले. मी खिडकीतली धाकटी कुंडीतून अलगद सोडवली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि भाजीच्या पिशवीत मेथीखाली ठेवली. आयुष्यात मी कधी पेरूसुद्धा न विचारता तोडलेला नाही. फाटकाची कडी लावताना माझं सगळं लक्ष सरांच्या खिडकीकडे होतं, म्हणून ती तिसऱ्यांदा बसली. रिक्षावाला माझाच जुना विद्यार्थी निघाला. बाई, कुठे, असं त्याने विचारलं आणि मी त्याला उगाच दरडावलं.

वलवणला झुंबरबाईच्या घरी कुणी नव्हतं, सगळे खाचरात. अंगणात मी पहिल्यांदाच नीट उभी राहिले आणि चाट पडले. माझा गोकर्ण कुंपणभर पसरला होता. समोरच्या बाईंची डबल जास्वंद होती, डॉक्टरांकडची अबोली होती, आणि माझ्या शाळेच्या आवारातला पिवळा चाफासुद्धा होता. मी आंब्याच्या बुंध्याशी गेले, जुन्या पातळाची चिंधी काढली आणि धाकटीला खोडाच्या खाचेत बसवून बांधू लागले. कोंबड्या माझ्या पायांत घुटमळत होत्या. बांधून होते न होते तोच मागून आवाज आला.

"बाई, तुमी हितं काय करताय?"

झुंबरबाई चहाचं पातेलं न्यायला खाचरातून घरी आली होती. हातात विळा, डोक्याला पदर घट्ट. एकतीस वर्षं मी मुलींना पकडलं. पकडलं जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ती जवळ आली, आंब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिने शांतपणे उलटतपासणी घेतली.

"सरांना इचारलं?"

"नाही."

"त्यास्नी म्हाईत हाय?"

"नाही. झोपलेत."

"उठल्यावर इचारतील."

"खोटं बोलेन."

तिने विळा खाली ठेवला. मग पुढे होऊन तिने माझी गाठ सोडली. मला वाटलं, संपलं, आता ही झाड माझ्या पिशवीत घालणार. पण तिने धाकटी बोटभर वर सरकवली, मुळं खोडाच्या सालीवर पसरली आणि चिंधी पुन्हा बांधली, माझ्यापेक्षा सैल. गाठ अशी आवळली तर मुळाला श्वास मिळत नाही, एवढंच म्हणाली. चोरी मी केली आणि झाड तिचं, हे असं चालतं का, याचा तिला अनुभव नव्हता. पण चोरी खरी आहे, मालकाला पत्ता नाही, तेव्हा चालायला हरकत नसावी, असं तिने ठरवलं. फक्त नवं पान फुटेपर्यंत सरांना कळता कामा नये. मी शब्द दिला. परत येताना मी रिक्षात एकटीच हसत होते, आणि माझा विद्यार्थी आरशातून घाबरून बघत होता.

हसू घरी पोचेपर्यंत टिकलं. सर खिडकीपाशी उभे होते, हातात फूटपट्टी. मी म्हटलं, मांजराने कुंडीतून ओढून पाडली असेल. त्यांनी खिडकीखाली पाहिलं, मग बागेत, मग गटाराच्या कडेने. खिडकी आपणच उघडी ठेवली, असं ते धरून बसले. आधी आईला पाण्याने मारलं, आता पोरीला वाऱ्यावर सोडलं, असं रात्री जेवताना म्हणाले आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी थोरलीला त्यांनी झोपायच्या खोलीत नेलं. मुळं कुंडीत गेल्यापासून ते पानं मोजत, तसा कॅलेंडरवर थोरलीचा आकडा लिहिला आणि त्याखाली धाकटीची जागा मोकळी ठेवली. शनिवारपर्यंत ते पोळीच्या दोन घासांवर होते. मी दहा वेळा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं तर ते लगेच "मग राहू दे, तिला दिली" म्हणाले असते, मी त्यांना चांगली ओळखते, आणि मग आंब्यावरच्या त्या झाडाचं झुंबरबाईच्या लेखी काय झालं असतं तेही मला ठाऊक होतं. एका बाजूला चार दिवस उपाशी माणूस आणि दुसऱ्या बाजूला शब्द. मला स्वतःची लाज वाटत होती, हे मी सरळ सांगते.

सोमवारी झुंबरबाई कामावर आली. सर त्या वेळी गुडघ्याची पर्वा न करता दिवाणाखाली टॉर्च मारत होते. मांजराने तिथे नेऊन ठेवली असेल, हा त्यांचा नवा अंदाज होता. झुंबरबाई दारातच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तिने केरसुणी भिंतीला टेकवली आणि पदराने हात पुसले.

"सर, उटा. शोदू नका. म्या चोरली."

सर जमिनीवरून दिवाणाला धरत उठले. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर रंग आला.

"जगली आहे?"

"हाय. आंब्यावर हाय."

"अगं, मग आधी नाही का सांगायचंस?" सरांचा चेहरा फुलला. "बरं झालं. ती तुझ्याकडेच जायला हवी होती. आता ती तुला—"

"म्हनू नका सर," झुंबरबाईने हात पुढे केला. तिचा चेहरा एकदम पडला होता. सर गोंधळले. मी ते वाक्य पुरं व्हायच्या आत मधे पडले.

"रागवा तिला," मी म्हटलं.

"कशासाठी? मला तर आनंद—"

"आनंद नंतर करा. तिने चोरी केली आहे. आधी रागवा."

सरांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि एकाही पोरावर आवाज चढवला नाही. पालक त्यांच्याविरुद्ध तक्रार करायचे की हे मारत नाहीत. त्यांनी घसा खाकरला. झुंबर, हे काही बरोबर केलं नाहीस, असं ते मला विचारल्यासारखं म्हणाले. झुंबरबाई मान खाली घालून उभी होती. "आजून, सर," ती म्हणाली.

विचारायला हवं होतंस, असं सर म्हणाले. मग म्हणाले, विचारलं असतंस तर... आणि थांबले, कारण विचारलं असतं तर दिलं असतं, हे त्यांच्याही लक्षात आलं. ते इकडेतिकडे बघू लागले. त्यांची नजर कॅलेंडरवरच्या मोकळ्या जागेवर गेली.

"चार दिवस," ते म्हणाले. "चार दिवस मी जेवलो नाही, झुंबर. दोनच होत्या. आई माझ्या हाताने गेली, दोनच उरल्या, त्यातली एक तू उचललीस आणि मला सांगितलं नाहीस. मी वेड्यासारखा गटारं धुंडाळली. माणसाने झाडाला एवढा जीव लावला आहे, हे तुला दिसत नव्हतं? चोर आहेस तू. काळीज नाही तुला." आवाज चढला होता. शेवटच्या शब्दाला तो फाटला आणि समोरच्या बंगल्याची खिडकी उघडली.

त्यातला प्रत्येक शब्द माझा होता. मी दाराची चौकट धरून उभी होते आणि माझ्या वाट्याचा मार ती खात होती. ती हललीसुद्धा नाही. सर दमून दिवाणावर बसले, तेव्हा तिने वर पाहिलं. तिचे डोळे गळत होते.

"लई बरं झालं सर," ती म्हणाली. "आयनं येवडं बोलाय पायजे हुतं."

सरांना त्यातलं काही कळलं नाही. आपण फारच बोललो, असं वाटून ते तिची माफी मागायला लागले, तेव्हा मी त्यांना जेवायला बसवलं. झुंबरबाईने केरसुणी उचलली आणि झाडायला लागली. आई काय बोलली नाही, ते मी सरांना एखाद्या दुपारी सांगणार आहे. पण ते सांगायचं तर मी त्यांना रागवायला का लावलं आणि चोर कोण तेही सांगावं लागेल, आणि आंब्यावर नवं पान अजून फुटलेलं नाही.